रखमा गप्प बसली ते दिवस

शिवडीच्या कोळीवाड्यातली रखमा लालबागच्या बाजारात मासळी विकायला बसायची, आणि ती आज आली आहे की नाही हे कळायला बाजारात जावं लागत नसे. गिरणीच्या फाटकापाशी उभं राहिलं तरी पुरे. भोंगा ठरल्या वेळी वाजून थांबायचा. रखमाचा आवाज पाटी खाली ठेवल्यापासून ती रिकामी होईपर्यंत थांबायचा नाही. आवाज नुसता मोठा नव्हता. समोरच्याला काय बोलावं हे सुचायच्या आत त्याचं उत्तर रखमाकडे तयार असायचं. गिऱ्हाइकं तिला टरकून असत आणि तरी तिच्याकडेच येत. मासळी ताजी असायची हे एक कारण. दुसरं असं की, तिची बोलणी खाल्ल्याशिवाय घरी नेलेली मासळी पुष्कळांना अळणी लागायची.

तिच्या आधी त्याच जागेवर तिची सासू सखुबाई बसत असे. गुडघे धरले तेव्हा तिने पाटी सुनेच्या डोक्यावर दिली आणि घर पाहू लागली. नवरा हरेश्वर स्वतःच्या होडीचा नाखवा. समुद्रावर तो वाऱ्याशी बोलत असेल तर असेल, घरी त्याचं सगळं हुंकारावर भागायचं. दोघांच्या वाटचं रखमा बोलत असल्यामुळे संसारात काही अडत नव्हतं.

ही गोष्ट अठराशे चौऱ्याण्णव सालची. प्लेग अजून मुंबईत यायचा होता, ट्राम घोडे ओढत होते आणि रखमाला सातवा महिना होता. पाडव्याच्या तोंडावर सूर्यग्रहण आलं. गरवार बाईने ग्रहणात काही कापू नये, चिरू नये, मुलात खोट राहते, हे कोळीवाड्यात काय आणि गिरगावात काय, सगळ्यांनाच ठाऊक. सखुबाईने सकाळीच सुनेला दाराआड बसवलं. पण मासळीला पंचांग कळत नाही. नेमकी त्याच वेळी हरेश्वरची होडी किनाऱ्याला लागली आणि होडीत ही भली मोठी घोळ. उन्हात तासभर पडली असती तर कोणी फुकट नेली नसती.

रखमा उठून किनाऱ्यावर आली आणि तिने कोयता उचलला.

"ठेव तो खाली," सखुबाई म्हणाली. "गिराण लागलंय."

"सूर्याला लागलंय," रखमा म्हणाली. "घोलीला नाय लागला." आणि सगळा किनारा हसला तशी तीही हसली आणि तिने घोळीच्या तुकड्या पाडल्या.

ज्येष्ठात मुलगा झाला. चांगला वजनदार, काळेभोर डोळे, हाताच्या मुठी घट्ट. वरचा ओठ मात्र नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. सुईणीने त्याला पुसून सखुबाईच्या हातात दिलं. सखुबाईने त्याच्याकडे पाहिलं, पदराने त्याचं कपाळ टिपलं आणि एक शब्द न बोलता त्याला रखमाच्या कुशीत ठेवलं.

तो एक न बोललेला शब्द रखमाच्या जिव्हारी लागला. सासू दोन शिव्या देती, कोयत्याचं नाव काढती, तर रखमाने चार ऐकवल्या असत्या आणि रडून मोकळी झाली असती. पण सखुबाईने ग्रहणाचं नावही काढलं नाही, तेव्हा नाही आणि पुढेही नाही. रखमा दिवसभर बोलत राहिली आणि मनात एकच गोष्ट घोळवत राहिली: हे माझ्या हाताने झालं, आणि हातापेक्षाही माझ्या तोंडाने झालं. कापलं ते कापलं, वर ग्रहणाची थट्टा केली.

मुलाचं नाव जगन ठेवलं. त्याला अंगावर पिता येईना. ओठ जुळत नव्हता, ओढ बसत नव्हती, दूध नाकातून बाहेर यायचं. शेवटी रखमाने एक गुळगुळीत शिंपला घासून उकळून घेतला आणि पोराला मांडीवर उभं धरून ती थेंबथेंब दूध त्याच्या घशाकडे सोडू लागली. दर थोड्या वेळाने पाजावं लागे, म्हणून घरी ठेवून जायची सोय नव्हती. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या तसा जगनही बाजारात आला. मासळीच्या पाटीशेजारी दुसरी टोपली, तिच्यात गोधडी, गोधडीत जगन.

लोक वाकून बघायचे. काही हळहळायचे, काही तोंड फिरवायचे. "हे काय गं झालं पोराला?" असं कोणी विचारलं की रखमा म्हणायची, "तोंड दोनदा उघडतंय त्याचा. माज्यावर गेलाय." विचारणारा हसायचा आणि जायचा. तो गेला की रखमा टोपलीवर पदर ओढायची आणि पुढच्या गिऱ्हाइकावर नेहमीपेक्षा जास्त ओरडायची. जगनला त्या ओरडण्याचं काही नव्हतं. घासाघीस ऐन रंगात यायची, शेजारच्या पाटीवरची मालन तिच्यात आपला सूर मिसळायची, कावळे, कुत्री, हमालांच्या आरोळ्या, आणि त्या सगळ्या गदारोळात हा गडी मुठी उघडून गाढ झोपलेला असायचा.

रखमाच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात चिवट अप्पा. गिरणीच्या हापिसात कारकून, लालबागेतच दोन खोल्यांत राहायचा, काळा कोट, डोक्यावर पगडी आणि मासळीचा भारी शोक. तो पापलेट घ्यायला आला की आधी कल्ला उघडून बघायचा, मग डोळा दाबून बघायचा, मग वास घ्यायचा, मग पुन्हा कल्ला उघडायचा.

"लगीन करायचंय का तिच्याशी?" रखमा विचारायची.

"कल्ला फिका दिसतोय, रखमे."

"कल्ला नाय, तुमचे डोले फिके झालेत अप्पा. हापिसात आकडे मांडून मांडून."

हे रोजचं. एके दिवशी अप्पा कल्ला बघायचं विसरला. तो टोपलीशी उकिडवा बसला आणि जगनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "रखमे, गिरगावात माझा चुलतभाऊ आहे. त्याच्या मुलीचा ओठ असाच होता. इस्पितळात शिवून दिला. आता शोधूनही खूण सापडत नाही."

रखमाने कोयता खाली ठेवला. "शिवला? सुईनं?"

"औषध हुंगवून झोपवतात. पोराला कळतसुद्धा नाही."

इस्पितळाचं नाव काढलं की तेव्हा माणसं कानांवर हात ठेवीत. तिथे माणूस आडवा आत जातो आणि आडवाच बाहेर येतो, अशी कोळीवाड्याची पक्की समजूत होती. त्या दिवशी रखमाने घरी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा सखुबाई चुलीतली लाकडं सारखी करू लागली. हरेश्वरने मात्र हुंकार दिला नाही, चक्क एक वाक्य उच्चारलं. "जाळा फाटला तर आपन शिवतंय," तो म्हणाला, "तर हा क्याला नाय शिवायचा?" जगनला इस्पितळात न्यायचं ठरलं.

इस्पितळात चिंतामणी नावाचे डॉक्टर होते. वय बेताचं, बोलणं सावकाश, हात स्वच्छ. त्यांनी जगनचा ओठ दोन बोटांनी हलकेच जुळवून पाहिला, आत दिव्याने बघितलं. म्हणाले, "आत टाळूलाही मागे फट आहे. तिचं पुढे मोठा झाल्यावर पाहू. ओठ आता शिवू या. मूल धडधाकट आहे. कसं पाजलंत?"

रखमाने शिंपला दाखवला. डॉक्टर हसले. "हाच घेऊन या. टाके निघेपर्यंत असंच पाजायचं." मग त्यांनी हसू आवरलं. "एक गोष्ट नीट ऐका. शिवल्यानंतर मुलाला रडू द्यायचं नाही. रडलं की ओठ ताणला जातो. टाके उसवले तर पुन्हा शिवायला तितकं मांस राहत नाही. माझं काम तासाभराचं आहे. खरं काम तुमचं."

आदल्या संध्याकाळी रखमा गावदेवीच्या देवळात गेली. ओटी भरली आणि म्हणाली, "आये, माज्या तोंडानं झाला ना हे? मग तोंडच घे. टाके निघेपत्तर मी शब्द बोलनार नाय. बोललू तर मी खोटी." बाहेर येऊन तिने सासूला नवस सांगितला आणि तोंड मिटलं. सखुबाई काही तरी बोलायला गेली, पण सून ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती, आणि उत्तर द्यायच्या तर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी जगनला आत नेलं. रखमा बाहेर बाकावर शिंपला मुठीत धरून बसली. आतून क्लोरोफॉर्मचा गोडसर वास येत होता. पोराचं रडणं ऐकू येत होतं, मग ते बारीक झालं, मग थांबलं. ते थांबलं त्या क्षणी तिच्या तोंडून किंकाळी फुटायची, पण नवस आडवा आला. तिने शिंपल्याची कड तळहातात रुतवून घेतली आणि ओठ दाबून बसून राहिली.

डॉक्टर बाहेर आले ते हसत. मागून परिचारिका जगनला घेऊन आली. त्याच्या दोन्ही हातांना कोपरावर लाकडी पट्ट्या बांधल्या होत्या, हात तोंडाकडे जाऊ नयेत म्हणून. ओठात आरपार दोन बारीक चांदीच्या टाचण्या होत्या आणि त्यांवरून रेशमाचे फेरे. चेहरा सुजलेला. पण ओठ एक होता. रखमा बघत राहिली. इतक्या महिन्यांत तिने या तोंडाच्या पाप्या घेतल्या होत्या, आणि आता हे तोंड तिला अनोळखी वाटत होतं. आनंद झाला आणि त्याच दमात आपलं जुनं पोर कुठे गेलं म्हणून तिला रडूही आलं.

त्यानंतर रखमाने वॉर्डाचा ताबा घेतला. स्वतः तर ती बोलतच नव्हती, पण दुसऱ्या कोणाला आवाज करायची सोय ठेवली नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या बांगड्या वाजल्या की रखमा डोळे वटारायची. कोणी तांब्या जोरात ठेवला की बोट ओठावर ठेवून अंगावर जायची. झाडूवाल्याला तिने अनवाणी चालायला लावलं. परिचारिकांना वाटलं, बाई बिचारी मुकी आहे. हरेश्वरची तर दैना झाली. डॉक्टर विचारतील ते त्याला सांगावं लागे. लग्न झाल्यापासून एवढं बोलायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. संध्याकाळपर्यंत त्याचा घसा बसायचा.

आणि जगन? जगन झोपेना. ताप नाही, भूक नाही, दूध शिंपल्याने व्यवस्थित पोटात जात होतं. पण त्या चिडीचूप वॉर्डात तो डोळे टक्क उघडे ठेवून इकडेतिकडे बघायचा, मान वळवायचा, कुंथायचा, चेहरा गोळा करायचा. रडू अगदी ओठापर्यंत यायचं. रखमा उचलून घ्यायची, थोपटायची, हलवायची, आणि शांतता कमी पडतेय असं वाटून आणखी दोघांना गप्प करायची. जितकं सामसूम, तितका जगन बेचैन. तिसऱ्या दिवशी दुपारी टाचणीपाशी रक्ताचा एक थेंब दिसला. डॉक्टरांनी वाकून पाहिलं. ते म्हणाले, "अजून धरून आहे. पण आज हा भोकाड पसरला तर मी काही सांगू शकत नाही."

ते पुढच्या खाटेकडे गेले तसं सखुबाईने कमरेच्या पिशवीतून एक काळी गोळी काढली. अफूची बाळगोळी. कोळीवाड्यात ती घरोघर असे. डॉक्टरांनी ती बजावून बजावून मना केली होती. क्लोरोफॉर्मनंतर मूल झोपेतून उठायचंच नाही, असं म्हणाले होते. रखमाने गोळीकडे बघितलं, पोराकडे बघितलं, आणि काय करावं ते तिला कळेना.

एवढ्यात दारातून पगडी दिसली. अप्पा. हातात पुडीत बत्तासे. तो चोरपावलांनी आला, पुडी खाटेवर ठेवली, जगनकडे पाहून मान डोलावली. आता दोन बऱ्या गोष्टी बोलून निघून जावं की नाही? पण माणसाचा स्वभाव. इतके दिवस ज्याच्याशी कोणी भांडलं नव्हतं असा अप्पा तो.

"रखमे," तो कुजबुजला, "सगळं ठीक होईल. पण एक सांगतो. तू इथे यायच्या आदल्या दिवशी दिलेलं पापलेट काही ताजं नव्हतं."

रखमाने मान वर केली.

"नाही, मी काही तक्रार करत नाही. पण कल्ला धुतलेला होता. मालनकडून घेतो आता. तिचा माल, खरं सांगायचं तर, तुझ्यापेक्षा..."

"कल्ला धुतला? मी?"

अख्खा वॉर्ड दचकला. शेजारच्या बाईच्या हातातला पेला पडला. परिचारिका धावत आली आणि मुकी बोलली हे बघून जागच्या जागी थबकली.

"माज्या सासूनं त्या जागेवर जन्म काढला, तिनं नाय कवा कल्ला धुतला आनि मी धुतंय? पापलेट घरी नेऊन घटकाभर पानी पाजत बसलाव असाल, बायकोनं कालवन केला तवर त्याचा कल्ला काय जास्वंदीसारखा राहील? मालनकडं जाताव? जा की! तिची तागडी बगा आधी..."

आणि मग तिला भान आलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नवस मोडला होता. तिने भीत भीत खाटेकडे बघितलं. टाके तटातट तुटलेले दिसणार अशी तिची खात्रीच होती.

जगन स्वस्थ पडला होता. गोळा झालेला चेहरा सैल झाला होता, मूठ उघडली होती, पापण्या जडावल्या होत्या. वॉर्डात पुन्हा शांतता पसरली. जगनने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पुन्हा गोळा व्हायला लागला.

सगळ्यांत आधी सखुबाईच्या लक्षात आलं. तिने गोळी पिशवीत टाकली. "बोल," ती म्हणाली.

रखमाने मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोललं तर देवी कोपणार, नाही बोललं तर पोर रडणार, आणि दोन्हीकडून उसवायचा तो तोच ओठ.

सखुबाईने तिच्या तोंडावरचे हात ओढून काढले. "बाजारात निजनारा पोर हाय तो. तुजा आवाज नाय म्हून निजत नाय. देवीचा मी बगतंय, तू भांड." मग ती अप्पाकडे वळली. "अप्पा, बसा हितं. कल्ला फिका हाय म्हना."

अप्पा चाचरत म्हणाला, "कल्ला... फिका आहे."

"कुटं फिका हाय?" रखमाचा पहिला शब्द रडताना निघाला, दुसरा निघाला तो लालबागेतला. "हा बगा लालभडक! डोला बगा, डोला! जित्ता हाय अजून, तुमच्याकडं बघून हसतंय..." अप्पालाही मग चेव चढला. हातात पापलेट नव्हतं, पाटी नव्हती, पण त्याने नसलेला कल्ला उघडला, नसलेला वास घेतला आणि नाक मुरडलं. रखमाने त्याचा समाचार घेतला. सखुबाईने मालनचा सूर धरला. शेजारच्या खाटेवरची बाई, जिला तीन दिवस श्वास घ्यायची चोरी होती, तिने सूड उगवल्यासारखं सुरमईचं काय ते विचारून घेतलं. हरेश्वर भिंतीला टेकला आणि त्याने समाधानाचा हुंकार दिला. त्याची सुटका झाली होती.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर आले ते चांगलेच तापून. "हे इस्पितळ आहे की..." म्हणत ते खाटेपर्यंत पोचले आणि थांबले. जगन गाढ झोपला होता. डॉक्टर थोडा वेळ त्याचा श्वास बघत उभे राहिले. मग खाली वाकून रखमाला म्हणाले, "सुरमई नको. हलवा आहे का?"

टाके निघेपर्यंत वॉर्डात दुपारचा बाजार भरू लागला. अप्पा हापिसातून परस्पर यायचा आणि एकदाही ताजा मासा त्याला मिळाला नाही. टाचण्या निघाल्या, रेशीम निघालं. ओठ धरला होता. एक लाल रेघ तेवढी राहिली.

रखमाच्या मनातलं मात्र निघायचं होतं. डॉक्टर हात धुवत असताना तिने एकदाचं विचारून टाकलं. ग्रहण, कोयता, घोळ, सगळं. डॉक्टर टॉवेलला हात पुसत म्हणाले, "ओठ पोटात तिसऱ्या महिन्याच्या आतच जुळतो, बाई. तुम्हाला तेव्हा सातवा होता. जे झालं ते फार आधीच होऊन गेलं होतं. का होतं ते आम्हालाही ठाऊक नाही. पण त्या घोळीचा काही दोष नाही, आणि तुमचाही नाही."

डॉक्टर चांगले होते, पण डॉक्टरच. धीर द्यायला काहीही बोलतात, असं रखमाला वाटलं. ती पोराला घेऊन बाहेर आली आणि पायरीवर बसली. सखुबाई शेजारी बसली.

"डाक्तर खरा बोलतंय," सखुबाई म्हणाली. "हरेश्वर पोटात असताना मी पन गिरानात मासा कापलेला. कुपा होता. आनि हरेश्वर बग, नख पन वाकडा नाय."

रखमा झटकन तिच्याकडे वळली. "मंग मना क्याला नको म्हनलीस?"

"सांगायचा असतंय म्हून सांगितला. माज्या सासूनं मना सांगितलेला."

"आनि पोर झाला तवा? एक शब्द नाय बोललीस. मना वाटला, तू मनात माज्यावर..."

सखुबाईने जगनचं टोपडं सारखं केलं. "तोंड उघडला असता तर रडू आला असता गो. बालंतिनीपुढं रडायचा नसतंय. आनि मागून सांगायचा म्हनला, तर तू बोलायची थांबशील तवा सांगेन ना? थांबलीस ती नवस बोलून. तवा पन ऐकून नाय घेतलास."

रखमा आधी हसली, मग रडली, मग सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून दोन्ही एकदम करू लागली. इतके महिने दोघी एका चुलीशी बसत होत्या, आणि एकीला वाटत होतं की दुसरी मनात शिव्या देते आहे, तर दुसरी नुसतं रडू आवरत होती. हे कळल्यावर रखमाचं अंग असं हलकं झालं की ती उठून गावदेवीकडे चालतच निघाली. तिथे मोडलेल्या नवसाबद्दल तिने देवीशी बरीच घासाघीस केली. सखुबाई सांगायची, शेवटी एक घोळ ठरली.

जगनला घेऊन ती बाजारात परतली त्या दिवशी अप्पा सगळ्यांत आधी हजर. त्याने कल्ला उघडला, डोळा दाबला, वास घेतला आणि म्हणाला, "फिका दिसतोय."

रखमाने दम घेतला, कमरेवर हात ठेवले आणि तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या टोपलीतून आवाज आला. जगन तिच्याकडे बघत होता. आईचा पवित्रा त्याच्या ओळखीचा होता. आता काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि तो हसला. ते पूर्वीचं, नाकापर्यंत फाकणारं, तिने पदराआड झाकलेलं हसू नव्हतं. नवा ओठ जरा ताठ होता, लाल रेघ ओढली गेली आणि एका बाजूने थोडं वाकडं, पण सबंध हसू त्या तोंडावर आलं. रखमा बघत राहिली. तिने टोपलीवर पदर ओढला नाही. उलट टोपली उचलून पाटीच्या पुढे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली.

अप्पा उत्तराची वाट बघत उभा होता. ते आलंच नाही. तिने पापलेट उचलून त्याच्या पिशवीत घातलं.

घरी गेल्यावर अप्पाची बायको म्हणाली, पापलेट फारच ताजं होतं. अप्पा म्हणाला, असेल, पण काही तरी कमी होतं खरं.